शंभरातल्या निळ्या

कॅन्सरचे उपचार संपवून मी पुण्याहून बुऱ्हाणपूरला मावशीकडे विश्रांतीला आले, ती प्रयोगशाळेचं काम सोबत घेऊनच. माझा विषय म्हाताऱ्या पेशी. जिवंत शरीरात त्या हुडकायच्या. तांदळाच्या कणीएवढी कातडी काढून रंगात ठेवली, की म्हाताऱ्या तेवढ्या निळ्या होतात.

"मरत नाहीत, कामही करत नाहीत, बसल्या जागी शेजारणींना बिघडवतात," मी मावशीला समजावलं.

"म्हंजे समोरची रंभाबाईच की!" मावशी खिदळली. बहात्तर वर्षांची मनकर्णामावशी इतवाऱ्याच्या बाजारातून केळीचा अख्खा घड कमरेवर घेऊन यायची. माझ्याबरोबर तिनंही कातडी द्यायला हौसेनं दंड पुढे केला.

पहिल्या महिन्यात शंभर पेशींत माझ्या चाळीस निळ्या, तिच्या बावीस. औषधांनी मला तिच्याहून म्हातारी केलं होतं. मी रडले. दिवेलागणीला मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माझ्या पोरीची इडापिडा मला लागो." मग हे रोजचंच झालं.

दुसऱ्या महिन्यात दोघींच्या एकतीस. तिसऱ्यात माझ्या बावीस, तिच्या चाळीस.

नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय! सगळं पुन्हा केलं. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्याला, प्रकाशला, नावं झाकून पेशींचे फोटो पाठवले. त्याचेही आकडे तेच. इकडे माझे केस दाट येत होते, आणि मावशी भिंत धरून चालायला लागली होती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी त्या संध्याकाळी म्हटलं, "मावशी, आजपासून बोटं मोडायची नाहीत."

"चल हट! येडी झाली का?"

"तुला माझी शपथ."

"शपथा घालती मोठी! माझी बहात्तर वर्षं बस झाली, माय. तू जग."

"मला तू हवी आहेस गं!" मी ओरडलेच.

खाटेवर पडल्यापडल्या तिनं हात माझ्या तोंडाकडे आणले. मी ते अर्ध्यातच पकडले, मांडीवर ओढून घट्ट धरले. तिची दहाही बोटं माझ्या मुठीत होती. गार, सरळ.

मावशीनं डोळे मिटले. हसली.

तिच्या कानशिलापाशी बोटं मोडल्याचा आवाज आला.

मी मोजले. दहा.