हत्यारांच्या भिंतीवरचा कप

महाळुंग्याच्या कंपनीत मिनल पहिल्यांदा टूलरूममध्ये गेली ती एक पाना मागायला, आणि दारातच थबकली. समोरची अख्खी भिंत निळी. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पिवळ्या रंगात रेखलेला. पाना, पक्कड, हातोडी... जो तो आपापल्या आकारात टांगलेला. लॅबमध्ये काम करणाऱ्या, रसायनशास्त्र शिकलेल्या मिनलला वाटलं, ही तर लोखंडाची आवर्त सारणी.

"शिफ्ट संपताना एक जरी आकार रिकामा दिसला ना मॅडम, तर वस्तू सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही," आतला तरुण म्हणाला. खिशावर नाव होतं, समाधान.

"आणि ही इंग्रजी पाटी तुम्ही लिहिलीत?"

"चुकलीय का?"

"'हत्यारं हरवू नका' म्हणायचंय ना? 'लूझ'मध्ये एक 'ओ' जास्त पडलाय. आता अर्थ झाला सैल."

तो कानापर्यंत लाजला. मग हसला. "शिकवा की. लेखी परीक्षा आहे. पास झालो तर तिकडे तमिळनाडूत, होसूरच्या प्लांटवर ट्रेनर."

मग चहाच्या सुट्टीत ती आपला स्टीलचा कप घेऊन तिथेच येऊ लागली. 'ॲक्सेप्ट' म्हणजे स्वीकारणं, 'एक्सेप्ट' म्हणजे वगळून. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, तो 'सी'ने लिहायचा; 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणं, ते 'एस'ने.

"उच्चार जवळजवळ तोच... आणि एक घेतो, दुसरा वगळतो?" समाधान हरखून म्हणाला. "बेअरिंगसारखंच की. दोन मायक्रॉनचा फरक पडला, तर बसतच नाही."

मिनल त्याच्याकडे बघतच राहिली. शाळेपासून पाठ असलेले हे शब्द इतके नाजूक, इतके नेमके आहेत हे तिला आज दिसत होतं. शिकवावं तितका तो लांब जाणार, हेही दिसत होतं. तरी त्याची एकही चूक मुद्दाम सोडणं तिला जमलं नाही.

तो पास झाला.

"तुमच्यामुळे," तो म्हणाला.

"हो... माझ्यामुळेच," ती खिडकीबाहेरच्या ट्रेलरच्या रांगेकडे बघत म्हणाली.

त्याच्या शेवटच्या दिवशी ती टूलरूममध्येच राहिलेला आपला कप न्यायला आली. कप भिंतीवर होता. पक्कड आणि हातोडीच्या मधे, भोवती पिवळी रेघ. शेजारी आणखी एका कपाचा आकार... रिकामा.

मिनलने त्या रिकाम्या आकाराकडे बोट दाखवलं.

"हा कुणाचा?"

"माझा. कप बॅगेत भरलाय."

"मग जागा रिकामीच राहणार?"

"रिकामी दिसली की आठवण राहते." तो फरशीकडे बघत होता. "आणि सामान परत येतं, मॅडम."

"सामान की माणूस? नीट उत्तर द्या, नाहीतर मार्क कापीन."

"माणूस... मिनल."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. तिने कपाकडे हात नेला, रेघेवरून बोट फिरवलं, आणि हात मागे घेतला.

"माझा राहू दे इथेच," ती म्हणाली. "नाहीतर दोन जागा रिकाम्या दिसतील."

बसमध्ये, पिंपळे गुरवचा आपला स्टॉप येईपर्यंत, ती बोटाला लागलेला ओला पिवळा रंग बघत होती.