वाकळीमागं कोन बोलते

ये उज्ज्वला, बस. विरजन नेशील, पन घडीभर बस. लाइट गेली तं जाऊ दे, हा चार्जिंगचा दिवा आहे. मले आज एकटीनं बसवत नाई. सासरे झोपले आहेत दिवानवर, म्हनून हळू बोल. हळू बोलायची तं या घराले आता सवयच झाली.

तुले माहीत आहे, घर बांधतानी आमच्या ह्यायनं मिस्त्रीले सांगतलं, आतमंदी भिंती नको, सगळं मोकळं पाह्यजे. मोबाइलवर कुठं तरी पाह्यलं होतं. झालं! सैपाक, टीव्ही, बाबाचा दिवान अन माहं टेबल, सगळं एकाच हॉलमंदी. अन माहं काम काय, तं दिवसभर फोनवर बोलाचं, पान्याच्या फिल्टरवाल्या कंपनीसाठी. गिऱ्हाईक तिकून कावलेलंच असते, अन इकून कुकर शिट्टी मारते. सोयाबीन निघालं का बाहेर मळनीच्या हडंब्याची घरघर. माह्या वरच्या निता मॅडम पुन्याच्या. म्हनत, "पल्लवी, तुझ्या मागे बाजार भरतो का गं?" शेवटी सांगून टाकलं, आता एक जरी तक्रार आली तर तुझं काम बंद. कामरगावात घरी बसून करता येईल असं दुसरं काम कुठं आहे, सांग बरं!

मंग काय काय केलं बाई! दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भिंतीले अंड्याचे ट्रे चिकटवले, तं बाबा म्हने, "कोंबड्या कधी आनतं वं?" तेवढेच हासलो आमी. टीव्ही बंद केला. कुकर सकाळीच लावून मोकळी व्हाची. अन बाबाले सांगतलं, मी कानाले हेडफोन लावला का मले हाक मारू नोका, काही लागलं तं जरासं थांबा. बिचाऱ्यानं ऐकलं. खोकला आला तं उशीत तोंड खुपसे.

तरी आवाज जायेच. मंग मी जिन्याखाली टेबल सरकवलं, बांबू बांधले अन चहूकून वाकळा टांगल्या. सगळ्या सासूच्या हातच्या, चांगल्या जाड. त्यातली एक तिच्या पांढऱ्या लुगड्याची, विहारात नेसून जायची ना, त्याची. मागच्या साली थे वारली, तवापासून थे वाकळ कोनी अंगावर घेतली नाई. बाबानं घडी करून पेटीत ठेवली होती. मी न विचारता काढली. म्हनलं, जाड आहे, आवाज अडवन.

आत बसली अन काय शांतता वं! कापसाच्या गंजीत बसल्यासारखं. बाहेरचं काही म्हनता काही येत नव्हतं. फक्त वास ये, सासू खाये त्या तंबाखूचा. वाकळ धुतलेली होती, तरी ये.

पयल्याच दिवशी एक गिऱ्हाईक म्हने, "मॅडम, तुमच्या मागं कोनी बाई बोलून राह्यली." मी वाकळ सारून पाह्यलं. कोनीच नाई. बाबा दिवानवर पडून. मंग दुसरं म्हने, "आधी त्या आजीचं ऐकून घ्या, मंग माह्याशी बोला." मी हेडफोन काढून कान दिला... काहीच नाई. डोकं पिकून गेल्तं माहं, सांगते तुले. मी एक गादी आनून तेबी उभी केली.

मंग एका दुपारी निता मॅडमचाच फोन. वाटलं, संपलं आता. पन त्यायचा आवाजच न्यारा.

"पल्लवी... मी तुझ्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकतेय. घरात कोण आहे गं?"

"सासरे, मॅडम. थे बोलतच नाई."

"नाही. म्हातारी बाई आहे. सारखी एकच बोलते... उठ वं पोरी, बुढ्याकडं पाह्य."

मी हेडफोन कानाले दाबून धरला.

"पल्लवी, ती आताही ओरडतेय... याच फोनमध्ये."

वाकळ फाडूनच बाहेर आली म्हन ना. बाबा दिवानाखाली पडले होते. ठसका लागल्ता, तोंड निळं, अन उशी तोंडाशी धरलेली. हाक मारली नाई त्यायनं. मीच सांगतलं होतं ना वं! गावातल्या विनोदच्या जीपनं कारंज्याले नेलं. डॉक्टर म्हने, जरासा उशीर झाला असता तं हाती काही नव्हतं.

लय रडली मी. पन खरं सांगू, तवा भेव नाई वाटलं. म्हनलं, मायच होती, धावून आली. वाकळ शिवली, घडी करून पेटीत ठेवली, तिच्या फोटोपुढं मेनबत्ती लावली. अन बाबाले सांगतलं, आता खुशाल बोंबला, काम गेलं तं गेलं.

आज दुपारी मी मोकळ्या हॉलमंदी बसली होती. वाकळ नाई, ट्रे नाई. बाबा समोर पपई खाऊन राह्यले होते. फोनवर अकोल्याकडचे एक म्हातारे, बोलता बोलता थांबले.

"ताई, मागं कोन रडून राह्यलं?"

"कोनी नाई, काका..."

"नाई कसं? बाई आहे. कोनाचं तरी नाव घेऊन रडून राह्यली."

"कोनाचं?"

"तुमी मधातच बोलता, म्हनून समजत नाई. जराशा गप बसा ना."

मले गप बसवलं नाई उज्ज्वला. मी फोनच कापला.

हे सकाळीच मोटरसायकलनं मानोऱ्याले गेले. दुपारून येतो म्हनत होते. फोन लागत नाई. टावर नसन रस्त्यात. नसतेच तिथं, हो ना?

एक काम कर माहं. दही मंग ने. तुहा फोन घे अन पार फाटकापाशी जाऊन उभी राह्य. मी इथून लावते. मी काही बोलनार नाई, तोंडाले पदर धरून बसते. तू ऐक फक्त. थे कोनाचं नाव घेते ते ऐक. ह्यायचं नसलं, तं धावत ये.

अन असलं... तं सावकाश ये.