उभ्या गाडीचा काटा

पिकअपचा स्पीड सेन्सर बदलणं हे काही मोठं काम नाही. गिअरबॉक्सच्या अंगाला एक बोल्ट, एक प्लग. हात ऑइलने बरबटतात, एवढंच. ताईची गाडी म्हणून मी दुपारी जेवण बाजूला ठेवून कामाला लागलो.

"उभ्या गाडीचा काटा पळतो रे," ती म्हणाली होती.

भाऊजी गेल्या वर्षी नाहीसे झाले. खाणीच्या फाट्यावर त्यांची ही गाडी मिळाली. इंजिन सुरू, दार उघडं, आत कुणी नाही. शोधायचं काही बाकी ठेवलं नाही आम्ही. आता लोकांचं सामान ताईच पोचवते. गाडी थांबली तर तिची चूल थांबेल.

जुना सेन्सर काढला. त्याचे दात पार झिजलेले. मला हायसं वाटलं. नवा बसवला, जॅकवर उचललेली मागची चाकं इंजिन लावून फिरवली. वेगाचा काटा बरोबर चालला. इंजिन बंद करून चावी खिशात टाकली.

हात पुसत वर पाहतो, तर काटा चाळीसवर.

चाकं स्थिर होती. मी नव्या सेन्सरचा प्लग उपटला. काटा पन्नासकडे सरकला. मग बॅटरीची तारच काढली. गाडीत आता कुठेच वीज उरली नव्हती. काटा पन्नासवर थरथरत राहिला, खडबडीत रस्त्यावर थरथरतो तसा.

ताई गॅरेजमधल्या बाकावरून उठली आणि स्टेअरिंगपाशी जाऊन बसली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आता उतार," ती म्हणाली. "ब्रेक लावतील."

काटा खाली आला.

"तुला कसं कळलं?"

"अंगणात रोज बघते. यांचा नेहमीचा रस्ता आहे. फाट्यावर थांबतात, मग काटा हलत नाही."

काटा शून्यावर टेकला. ताईने सवयीने सुस्कारा सोडला. मी तार पुन्हा जोडायला वाकलो.

"थांब," ती म्हणाली.

काटा पुन्हा वर चढत होता. वीस. तीस.

"फाट्याच्या पुढे कधी गेले नव्हते." ती काट्यावर वाकली. "हा घरचा रस्ता नाही. हे वळण... तुझ्या गॅरेजकडे येतायत."

मी दाराबाहेर पाहिलं. रस्ता उन्हात रिकामा पडला होता.

"ताई, खाली उतर."

तिने ऐकलं नाही.

काटा दहावर आला. गॅरेजसमोरच्या गतिरोधकावर गाड्या हळू होतात, तसा.

पाच.

शून्य.

रस्त्यावर कसलाच आवाज नव्हता.

ताईने केस नीट केले आणि ती पलीकडच्या सीटवर सरकून बसली.

ती सरकल्यावर स्टेअरिंगची बाजू हलकी होऊन वर यायला हवी होती. ती आणखी खाली दबली.