संपृक्त

प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मृदुलाला बसवलं होतं आणि तिला रडवण्याचं काम जोरात चाललं होतं.

अप्पा जाऊन नऊ दिवस झाले, तरी लेकीच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. तिच्या मानेत पेशींपासून वाढवलेला जिवंत ट्रान्झिस्टर होता, तिनंच बनवलेला. मनातली बारीकशी कळ तो मोठी करून डोळ्यांपर्यंत पोचवी. मात्र डोळे भरत ते प्रवाहाच्या चढउतारानं. एकसारख्या प्रवाहाची ते दखल घेत नसत.

तिच्या सरांचं, डॉ. पिंग्यांचं, निदान सरळ होतं. ट्रान्झिस्टरच्या पायाला, म्हणजे बेसला, पुरेसा दाब मिळाला नाही, तर उत्सर्जकाकडून संग्राहकाकडे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, काहीच वाहत नाही. ही खंडित अवस्था. मानेला जोडलेल्या यंत्राचा काटा हलत नाही, म्हणजे दाब कमी. उपाय, दुःख वाढवा.

ते काम सिंधुआत्यानं अंगावर घेतलं. समाचाराला येणाऱ्यांच्या तिनं पाळ्या लावल्या. एकेकानं यंत्राशेजारी बसावं, अप्पांची आठवण सांगावी, स्वतः हुंदके द्यावेत आणि काट्याकडे आशेनं बघावं. चौदा नातेवाईक झाले. पिंग्यांनीच दोनदा चष्मा पुसला. काटा ढिम्म.

“दगड आहे पोरगी,” आत्या म्हणाली. “तुमचं यंत्र तरी काय करणार?”

मृदुलाला नऊ दिवस तीच भीती होती. “सर, म्हणजे अप्पांसाठी आत काहीच वाहत नाहीये?”

पिंगे उत्तर द्यायला वाकले आणि थबकले. हा काटा फक्त चढउतार दाखवायचा. त्यांनी एकूण प्रवाह मोजणारा मीटर जोडला. प्रवाह शिगेला पोचला होता.

“अगं, नळ पूर्ण सुटलाय,” ते म्हणाले. “टाकीतून येतं तेवढं सगळं येतंय. आता चावी कितीही फिरव, धार तेवढीच. तू संपृक्त झालीयस. आधी पायाचा प्रवाह कमी करायला हवा.”

म्हणजे माणसं घालवायची. शोकात माणसं हाकलणारं हे कुठलं शास्त्र, म्हणून आत्या फुगली. शेवटी पंधराव्या पाहुण्यासकट पिंग्यांनी तिला कँटीनला नेलं. सुतकात चालतो म्हणून नुसता चहा.

दोन तास अप्पांचं नाव कुणी काढलं नाही. मग मृदुलाचा फोन वाजला. दंतवैद्यांकडची मुलगी बोलत होती. कवळी तयार आहे, उद्या अकराला आजोबांना घेऊन या, बसवून बघू.

“त्यांना...” मृदुला म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

पलीकडची मुलगी घाबरली.

“अहो ताई, रडू नका. कवळी बसवताना दुखत नाही हो.”