नावाड्याच्या बायकोचा घोट

"मी काही मिसळलेलं नाही."

नमस्कार नाही, ओळख नाही, दारातच नकार. भाऊजींनी तो मनातल्या मनात खर्चाच्या बाजूला टाकला. सगळी नोकरी लोकांचे हिशेब तपासण्यात गेलेली. माणूस दिसला की त्यांच्या डोक्यात उभी रेघ पडायची, एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च. थोरला भाऊ गेल्यापासून ते वहिनींच्या खासगी तपासाच्या कचेरीत येऊन बसत. मदत म्हणून, असं ते सांगत. वहिनी सांगत, "वजन म्हणून. कागद उडत नाहीत."

मुलगी खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. हातातल्या पिशवीचा बंद तिने पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

"मिसळलंस असं म्हणतंय कोण?" वहिनी खिडकीपासून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एका जागी बसून त्यांना विचारच करता येत नसे.

"सगळेच. संध्याकाळी समिती बसतेय. माझी संशोधनाची नोंदणी रद्द करणार. एकदा तसं झालं की पुन्हा कुठलं विद्यापीठ मला दारात उभं करणार नाही, ताई. औषधांच्या दुकानातली चांगली नोकरी सोडून आले होते मी."

इतक्यात भाऊजींना खोकल्याची उबळ आली. चेहरा लाल, हाताने नुसत्याच खुणा. मुलीने टेबलावरची खोकल्याची बाटली उचलली, हातातल्या हातात फिरवून लेबल तळव्याकडे घेतलं आणि झाकणात नेमकं औषध ओतलं. एक ओघळ बाटलीच्या पाठीवरून खाली आला.

"घ्या काका. लगेच पाणी पिऊ नका."

"हात बसलेला दिसतोय," वहिनी म्हणाल्या.

"पहिल्याच वर्षी बसवतात. मारून मुटकून."

भाऊजींनी जमेला एक रक्कम चढवली आणि मुलगी बोलायला लागली.

एक जुनी लोककथा होती. नावाडी प्रवासाला निघताना बायकोसाठी पेलाभर पेय करून ठेवतो. तो परत येत नाही. बायको ते पिते आणि रडते. कथा तिथेच संपते. पेयाची कृती मात्र कथेत पुरती दिलेली: फळांच्या साली, काही बिया आणि नदीकाठचं एक पिवळं मूळ. विद्यापीठातल्या तीन विभागांनी मिळून ते पेय पुन्हा करायचं ठरवलं. भाषा विभागाने कथा वाचायची, अन्नशास्त्राने पेय करायचं, औषधशास्त्राने त्यातले गुण तपासायचे. तिन्ही घरची पाहुणी ही मुलगी, त्यामुळे राबायला तीच पुढे.

"मग काल चाखणी होती. दोन बाटल्या केल्या होत्या. एकीत खरं पेय, दुसरीत तेच सगळं पण मूळ न घातलेलं. तुलनेसाठी. चाखणाऱ्यांना पेले दिले आणि दुसऱ्या बाटलीतलं पिऊन सगळे पटापट थुंकले. एकाला तर वांती झाली. त्यात कुणीतरी कडू अर्क ओतला होता, आमच्याच औषधांच्या कपाटातला. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते."

"एकच किल्ली?"

"दुसरी बैठकीच्या खोलीत खिळ्याला असते. पण ते कुणी लक्षात घेत नाही."

"ओतला तो तुलनेच्या बाटलीत. खऱ्या पेयात नाही?"

"नाही ना! तेच तर कळत नाही. ती बाटली बिघडवून कुणाला काय मिळणार?"

वहिनी येरझाऱ्या घालता घालता थांबल्या. भाऊजींना त्या थांबण्याचा अर्थ ठाऊक होता. त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

*

अन्नशास्त्राच्या प्रमुखांना विद्यार्थी चवबाई म्हणत. बाई बारीक, आवाज जाड. चाखणीची खोली त्यांनी स्वतः उघडून दाखवली. लांबट ओटा, त्यावर आडव्या फळ्या लावून केलेले खण, प्रत्येक खणात एक स्टूल. आणि सगळीकडे लाल उजेड, जणू कुणी खोलीला डाळिंबाच्या रसात बुडवलं होतं.

"हे काय हो, नाटक बसवताय?" भाऊजी म्हणाले.

"रंग दिसला की जीभ खोटं बोलते, साहेब. पिवळं दिसलं की लोकांना लिंबू लागतं. म्हणून लाल दिवा. पेल्यातलं सगळं सारखंच दिसतं."

"पांढरा दिवा नाही?"

"आहे. बटण माझ्या खोलीत. चाखणीच्या दिवशी मी सोडून कुणी हात लावत नाही. काल ओरडा झाला तेव्हा मीच लावला."

"त्याआधी बाटल्या कुठे होत्या?"

"इथेच. सकाळी त्या भरल्या, ओट्यावर ठेवल्या आणि आम्ही सगळे जेवायला गेलो. दाराला कुलूप नव्हतं. चूक माझी, लिहून घ्या हवं तर."

"पेय आधी कुणी कुणी चाखलं होतं?"

"केलं तेव्हा मी चाखलं, पोरीने चाखलं. औषधशास्त्राच्या मात्रासरांनी तपासलं. भाषा विभागाच्या कथासरांना मात्र मी थेंब दिला नाही. आधीच एवढं मत बनवून बसलेत, त्यात जीभ कशाला बाटवायची?"

"आणि चव कशी आहे?"

"मूळ घातलेलं गोड. स्वच्छ गोड, साखरेचा कण न घालता. मुळाशिवायचं जरासं कडवट, सालींमुळे. मी त्यांना सांगितलंय. पण ऐकायला कान रिकामे लागतात."

बाहेर पडल्यावर भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "हिनेच केलंय. खोली हिची, दिवा हिचा, कुलूप हिने लावलं नाही."

"आणि फायदा?"

भाऊजींनी जमेची बाजू धुंडाळली. रिकामी होती. "तो निघेल हळूहळू."

*

मात्रासर औषधशास्त्राचे. माणूस असा मोजूनमापून की हसूसुद्धा मात्रेत. त्यांनी कपाट उघडलं. तपकिरी बाटल्या शिस्तीत उभ्या होत्या, कोऱ्या करकरीत लेबलांच्या. वहिनींनी एकेक उचलून फिरवून पाहिली. वाळलेले ओघळ होते, पण सगळे पाठीमागे.

कडू अर्काच्या बाटलीशी त्यांचा हात थांबला. तिचं लेबल चिकट होतं. ओघळ थेट अक्षरांवरून गेलेला, शाई पसरलेली.

"ही अशी सापडली?"

"अशीच. ठेवली होती जागच्या जागी." मात्रासरांनी खिशातून स्वतःच्या आम्लपित्ताची बाटली काढली, लेबल तळव्यात घेऊन चमचाभर औषध ओतलं आणि गिळलं. "मुलगी हुशार आहे, पण किल्ली तिच्याकडे होती. मी भावनेवर मत देत नाही."

"पोट मात्र भावनेवर चाललेलं दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

"झोप लागलेली नाही मला," मात्रासर हळूच म्हणाले आणि कपाट लावून घेतलं.

*

कथासरांच्या खोलीत पुस्तकांनी माणसांना जागा ठेवली नव्हती. भाऊजी एका गठ्ठ्यावर टेकले तर तो गठ्ठा त्यांच्यासकट खचला. सर उमदे, पांढऱ्या केसांचे, बोलणं असं की ऐकणाऱ्याने नकळत मान डोलवावी. टेबलावर छापखान्यातून आलेले कच्चे फर्मे होते. पुस्तकाचं नाव वरच होतं: 'कडू घोट'.

"उभा जन्म गेला या कथेत," सर म्हणाले. "ती बाई रडते, कारण तो घोट कडू आहे. नवऱ्याने तिला सत्य पाजलंय. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवलं. आणि ही पोर म्हणते, मूळ गोड आहे! कोवळी जीभ. तिला कडवटपणा कळायला वय लागेल."

"पुस्तक केव्हा येतंय?"

"चाखणीचा निकाल आला की. प्रस्तावनेत तो घालायचाय." त्यांनी फर्मे सरळ केले, पुन्हा वाकडे केले, पुन्हा सरळ केले. "वाईट वाटतं हो. पण शिस्त म्हणून काही आहे की नाही? साधी खूणसुद्धा केली नव्हती तिने बाटल्यांवर. काल सकाळच्या बैठकीत म्हणाली, लाल कडं असेल ती खरी. कुठलं कडं? दोन्ही लेबलं सारखीच. नुसते आकडे."

"तुम्ही खोलीत कधी गेलात?"

"ओरडा ऐकून. तेव्हा पांढरे दिवे लागले होते, माणसं थुंकत होती. त्याआधी मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत इथेच वाचत होतो."

"नोंदणी रद्द करायचा प्रस्ताव कुणाचा?"

"माझा," सर म्हणाले. "जड मनाने."

जिन्यावरून उतरताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा माणूस सज्जन आहे. हळहळतोय बिचारा."

"भाऊजी, तुम्ही हिशेब बरोबर करता हो. आकडेच चुकीचे घेता."

*

समिती म्हणजे हेच तिघे. बैठक वहिनींनी हट्टाने चाखणीच्या खोलीत घ्यायला लावली. पांढरे दिवे लागले होते. मुलगी दाराशी उभी होती. पाय बदलत, नखं कुरतडत. भाऊजींनाही चैन पडेना. त्यांनी स्टूल बदललं, पुन्हा बदललं. पोरीची एवढी मेहनत या आडव्या फळ्यांच्या मध्ये अडकून पडली होती.

वहिनींनी ओट्यावर तीन बाटल्या मांडल्या.

"पहिली कडू अर्काची. ओघळ बघा. औषधवाला माणूस ओतताना लेबल तळव्यात धरतो, म्हणजे ओघळ पाठीवरून जातो आणि नाव पुसत नाही. ही सवय झोपेतही जात नाही. सकाळी या मुलीने आमच्या भाऊजींना औषध दिलं, एका जागी बसवत नव्हतं तरी लेबल तळव्यात. मात्रासरांनी माझ्यासमोर पोटाचं औषध घेतलं, लेबल तळव्यात. ज्याने ही बाटली ओतली, त्याने लेबल खाली धरलं. म्हणजे मुलगी नाही आणि मात्रासर नाहीत."

मात्रासरांनी श्वास सोडला. मात्रेपेक्षा जरा जास्तच.

"उरले दोघं," चवबाई म्हणाल्या. "खोली माझी, म्हणजे मी."

"थांबा. आता खरं कोडं. तुलनेची बाटली बिघडवून कुणाचाच फायदा नाही. मग कुणी का बिघडवली? उत्तर साधं आहे. त्याला ती बिघडवायचीच नव्हती. त्याला खरं पेय कडू करायचं होतं. बाटली चुकली."

"चुकेल कशी?" मुलगी पहिल्यांदा बोलली. "खऱ्या बाटलीवर मी लाल शाईने कडं काढलं होतं. लांबून दिसतं."

"दिसतं ना? सगळ्यांनी बघा."

पांढऱ्या लेबलावर लाल कडं ठसठशीत होतं.

"बाई, जरा दिवा."

चवबाई बाजूच्या खोलीत गेल्या. बटणाचा आवाज आला. खोली लाल झाली आणि कडं गेलं. कुणी जिभेने चाटून घ्यावं तसं गेलं. दोन बाटल्या शेजारी शेजारी, कोऱ्या, सारख्या, नुसते आकडे.

भाऊजी नकळत उठून उभे राहिले. "अरेच्चा!"

"पांढऱ्या उजेडात हे कडं कुणालाही दिसतं. बाटल्यांवर खूण नव्हती असं फक्त एकच माणूस म्हणू शकतो. ज्याने त्या लाल उजेडात पाहिल्या, तो. आणि कथासर, तुम्ही तर पांढरे दिवे लागल्यावर आलात."

कथासरांनी दोन्ही बाटल्या उचलून डोळ्यांजवळ नेल्या.

"खूण सापडेना. कुठला आकडा कशाचा ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं, त्या कधीच चुकल्या नसत्या. मग तुम्ही दोन्ही बाटल्या चाखल्यात. एक स्वच्छ गोड लागली. दुसरी जराशी कडवट. आता बाईंनी, मात्रासरांनी, या मुलीने गोड ती खरी म्हणून उचलली असती. इमारतीत एकच माणूस असा, जो कडवट ती खरी म्हणेल."

लाल उजेडात कथासरांचे पांढरे केस लाल दिसत होते. ते सावकाश स्टुलावर बसले.

"मला आनंद झाला होता हो," ते म्हणाले. आवाजातलं व्याख्यान गेलं होतं. "कडू लागलं तेव्हा. वाटलं, जिंकलो. फक्त फार पुसट होतं. या लोकांच्या जिभांना कळलं नसतं. म्हटलं, थोडं बोलकं करावं. अंधुक ओळ असली तर संपादक गडद करतो, तसं."

"आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन, अर्क खिशात घालून आला होतात," मात्रासर म्हणाले.

सरांनी खिशावर हात ठेवला.

"थोडं बोलकं केलंत, त्यात एक माणूस ओकला," चवबाई म्हणाल्या. "आणि पोरीला सुळावर चढवायला निघालात."

"ती वेळ आली तेव्हा..." सरांनी मुलीकडे पाहिलं, मग नजर ओट्यावर टाकली. "कुणीतरी हवंच होतं ना."

भाऊजींच्या डोक्यातली उभी रेघ सरकली. सज्जन म्हणून जमेला मांडलेली ती मोठी रक्कम त्यांनी खोडली. खोडताना त्यांना लाज वाटली. तो आकडा त्यांनीच घेतला होता.

"दुसऱ्या बाटलीतल्या घोटाचं काय केलंत, सर?" वहिनींनी विचारलं. "गोड होती ती?"

"थुंकलो. साखरपाणी म्हणून."

चवबाई तडक आत गेल्या. बाजूच्या खोलीत बटण वाजलं. पांढरा उजेड आला आणि लाल कडं पुन्हा जागेवर आलं, कुठे गेलंच नव्हतं अशा थाटात.

मात्रासरांनी घसा साफ केला. "नोंदणीचा प्रस्ताव फेटाळला आहे. दोघांच्या मताने. दुसरा प्रस्ताव उद्या, वेगळ्या माणसाबद्दल."

मुलगी इतका वेळ दाराशी होती. ती आत आली. तिने कडं असलेली बाटली उचलली, लेबल तळव्यात घेतलं, पेल्यात घोटभर ओतलं आणि कथासरांपुढे ठेवलं.

"आता दिवा पांढरा आहे, सर. बघून प्या."

सरांनी पेला उचलला. उजेडात धरून पाहिला. मग प्यायले, आणि या वेळी थुंकले नाहीत.

"गोड आहे," ते म्हणाले. मग, कुणाला म्हणून नाही, "मग ती बाई रडली कशाला?"

"तिच्यासाठी करून ठेवलं होतं ना, सर," मुलगी म्हणाली, "कुणीतरी. गोड."

सरांनी रिकामा पेला ओट्यावर ठेवला. वहिनी दाराकडे निघाल्यासुद्धा होत्या. भाऊजींनी बाटलीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"घोटभर मलाही दे गं पोरी," ते म्हणाले. "खोकल्याला चालतं का हे?"