बुजवलेला सबवे

आमच्या गावात वाढलेल्या माणसांना रस्ता ओलांडता येत नाही. बाहेरचे लोक यावर हसतात, पण ते खरं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी कमी करायला सरकारने शेतांवर हे नवं गाव वसवलं, तेव्हा आखणी करणाऱ्यांनी गाड्यांसाठी वरून चौपदरी रस्ते काढले आणि माणसांसाठी खालून सबवे. शाळा, दुकानं, दवाखाना, कुठेही जायचं तर खालून. वर पाऊल टाकलं की आया कान उपटायच्या. त्यामुळे समोरून येणारी गाडी किती लांब आहे, केवढ्या वेगात आहे, याचा अंदाज घ्यायला आम्ही कधी शिकलोच नाही. मी साठी ओलांडली, तरी सिग्नलवर हिरवा माणूस दिसल्यावरही अजून दोनदा विचार करते.

आणि असं असून सबवे बुजवायचं काम नेमकं माझ्याच वाट्याला आलं. मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्ते विभागात इंजिनिअर होते. सबवे जुने झाले, त्यात पाणी साचायला लागलं, पोरं दिवे फोडायची, बायका अंधार पडल्यावर तिकडे फिरकत नसत. मग नूतनीकरणाचं वारं सुटलं. जुन्या दुकानांची रांग पाडली, शाळा पाडली, तिथे फ्लॅटच्या इमारती उठायला लागल्या, आणि एकेक सबवे बुजवून वर सिग्नल बसवले. आमच्या लार्कफील्ड वस्तीचा सबवे शेवटचा. दोन्ही तोंडांना भिंती घातल्या, छताला भोकं पाडली आणि पातळ काँक्रीट आत सोडलं. ते दुधासारखं पसरतं आणि छतापर्यंत कोपरान्‌कोपरा भरून टाकतं. भरेपर्यंत मी तिथे उभी होते. मग उताराच्या तळाशी त्या भिंतींवर माती लोटली, गवत पेरलं. आत उंदराला शिरायला जागा उरली नव्हती, हे मी कुणालाही लिहून देईन.

हा सबवे आमच्या घराचा होता, असं म्हटलं तरी चालेल. उतार संपला की पहिलं दार आमचं. माझी आई बेरिल नवी नवरी म्हणून त्या घरात आली आणि तिथेच म्हातारी झाली. शाळा रस्त्यापलीकडे होती. सबवेच्या भिंतीवर शाळेतल्या मुलांनी निळ्या फरशांच्या तुकड्यांचे मासे केले होते. आई जाता-येता त्यांच्यावरून बोटं फिरवायची. शाळा सुटायच्या वेळी ती अलीकडच्या तोंडाशी येऊन "कूऽई" अशी हाक घालायची आणि मी पलीकडून तशीच ओ द्यायची. बोगद्यात ती हाक कितीतरी वेळ घुमायची. दुसऱ्या कुणी कूई केलं तर उत्तर द्यायचं नाही, अनोळखी माणसाला तर मुळीच नाही, हे तिने मला शंभरदा बजावलं होतं.

आता आईची स्मरणशक्ती विरत चालली होती. केटली कुठे आहे ते तिला कळायचं, शेजारचा डेस्मंड कळायचा, वारलेल्या बाबांच्या शर्टाचं माप कळायचं. मी मात्र कळत नव्हते. नोकरीत असताना मी एकदा साइटवरून तशीच, केशरी जाकिटात, तिच्याकडे गेले होते. तेव्हापासून तिच्या लेखी मी कौन्सिलची बाई.

"तुमची मुलगी कुठे असते?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"हेझल? शाळेत गेलीय. सुटली की येईल." मग जरा संशयाने, "तुम्हीच बुजवलात ना हो तो सबवे?"

"बुजवला."

"पोरांनी यायचं कुठून मग?"

मला रडू आलं. सात वर्षांच्या स्वतःचाच हेवा वाटावा, ही काय पाळी म्हणायची. वसंतात आमची घरांची रांगही पाडायची होती आणि आईला मी माझ्या घरी नेणार होते. तोवर तिने एकदा, फक्त एकदा, मला नावाने हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

नोव्हेंबरात डेस्मंडने मला कुंपणापाशी थांबवलं. तो तरुणपणी बार्बेडोसहून आला आणि आयुष्यभर इथली बस चालवत राहिला. कुणाची टिंगल केल्याशिवाय त्याला चहा पचत नाही.

"तुझी म्हातारी रोज पलीकडे जाते, माहीत आहे का?"

"सिग्नलवरून?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. मी खिडकीत बसलेला असतो, मला दुसरा उद्योग काय. सिग्नलवर ती कधीच दिसत नाही. इकडे तुमच्या गवताच्या उतारावरून खाली जाते आणि थोड्या वेळाने पलीकडे, शाळेच्या जागी बांधकामाला घातलेल्या फळ्यांच्या कुंपणापाशी उभी."

"मधे तुझा डोळा लागत असेल."

"जन्मभर बस हाकली, हेझल. माझा डोळा लागत असता तर तू आज पेन्शन खायला उरली नसतीस." मग तो हसायचा थांबला. "तुझं काँक्रीट कुठे कमी तर नाही ना पडलं?"

मी त्याच आठवड्यात बॅग भरून आईकडे राहायला आले. ती गाड्यांमधून धावत जात असणार, याबद्दल मला शंका नव्हती, आणि त्याच विचाराने माझी झोप उडाली होती.

पहिल्याच दिवशी मी तिच्या मागे गेले. बाहेर बारीक, तिरका पाऊस होता. शाळा सुटायच्या वेळी तिने डोक्याला स्कार्फ बांधला, पिशवी घेतली आणि ती उतारावरून खाली गेली. मी वरच्या कडेला उभी राहिले, म्हणजे ती रस्त्याकडे वळली तर मधेच धरता येईल. पावसाने चष्मा भरला, तो मी पुसला. डोळ्याला लावला तेव्हा खाली फक्त गवत होतं.

सिग्नल मिळाल्यावर मी पलीकडे गेले. ती कुंपणापाशी उभी होती आणि फळ्यांच्या फटीतून आत बघत होती.

"सुटली नाही अजून," ती म्हणाली. "बाईंनी थांबवून घेतलंय वाटतं. उगाच शिक्षा करतात पोरांना."

मी तिचा हात धरला. बोटं बर्फासारखी गार आणि ओली होती, आणि त्यांना राखाडी चिखल लागला होता. मी नखशिखांत भिजले होते. तिचा स्कार्फ कोरडा होता.

एखादी सर चुकवता येते, मी स्वतःला समजावलं. झाडाखाली थांबली असेल. पण त्या रस्त्यावर झाड नाही. घरी आल्यावर मी तिचा कोट खुंटीला लावला, तर त्याला ओलसर सिमेंटचा, साचलेल्या पाण्याचा आणि मुलांच्या डब्यातल्या सँडविचचा वास येत होता. हा वास मला ओळखीचा होता. मी कोट खुंटीवरून काढून धुवायला टाकला.

पुढे मी तिच्याबरोबरच जायला लागले. हात धरून सिग्नलवर नेलं तर ती लहान मुलासारखी पाय रोवून उभी राहायची. "वरून नाही जायचं. वरून गाड्या जातात." मग आम्ही परत फिरायचो. पण माझी पाठ फिरली की ती उतारावर, आणि मग पलीकडे. एकदा मी गवतात गुडघे टेकून जमिनीला कान लावला. वरून ट्रक गेल्याचा हादरा तेवढा आला. इंजिनिअर बाईचं डोकं फिरलं, असं कुणी म्हणालं असतं तर मी हो म्हटलं असतं.

फेब्रुवारीत इमारतीचं काम पलीकडच्या उतारापर्यंत आलं. तिथला मुकादम, डर्मट नावाचा आयरिश माणूस, मला जुन्या ओळखीने हाक मारून म्हणाला, "बाई, तुमच्या सबवेच्या तोंडाची भिंत लागली आम्हाला. वाजवून बघितली. पोकळ वाजते."

"शक्य नाही. मी उभी राहून भरून घेतलाय."

"मी कुठे भांडतोय. पोकळ असो की भरीव, आमच्या तळघराची भिंत तिला चिकटून येतेय. उद्या सकाळी ओततो. मग कुणाच्या बापाला उघडायची नाही."

हे बोलणं मी घरी घेऊन आले आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. माझं शिक्षण सांगत होतं, भरलेल्या जागेचं दुसरं तोंड बंद झालं काय आणि उघडं राहिलं काय. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटच्या गाड्यांची घरघर सुरू झाली, तशी मी आईचे बूट कपाटात टाकले आणि मागच्या-पुढच्या दाराला कुलूप घातलं.

दुपारी ती बूट शोधायला लागली.

"आज नको जाऊस," मी म्हटलं.

"असं कसं? शाळा सुटेल."

"आज तिला दुसरं कुणीतरी आणेल."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "तिला वाटेल, मी विसरले," ती म्हणाली. "मी बरंच विसरते हो बाई, मला कळतं ते. पण हे नाही विसरत."

मी तिच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. किल्ली माझ्या खिशातच होती.

ती सपाता घालूनच उतारावर पोचली होती. मी धावत खाली गेले. गवताने झाकलेल्या मातीसमोर ती नीट उभी होती, जशी पूर्वी उभी राहायची. एक हात भिंत असायची त्या बाजूला, हवेत.

"कूऽई," तिने हाक घातली.

माझ्याने राहवलं नाही. मागून मी ओ दिली. "कूऽई. आई, मी इथे आहे. मीच हेझल."

ती वळली. माझा चेहरा तिने नीट बघितला, पांढरे केस बघितले. क्षणभर मला वाटलं, झालं.

"तुम्ही नका हो करू," ती हळूच म्हणाली. "ती गोंधळते."

वर रस्त्यावर भोंगा वाजला. मी मान वर केली.

मान खाली घातली तेव्हा ती नव्हती.

गवत दबलंही नव्हतं.

मी लाल सिग्नलमधून धावत सुटले. जन्मात पहिल्यांदा. ब्रेक करकचले, कुणीतरी शिवी घातली. कुंपणापाशी आई नव्हती. कुंपणाच्या आत डर्मटची माणसं ओल्या भिंतीवर ताडपत्री ओढत होती.

"उघडा," मी म्हटलं. "माझी आई आत आहे."

डर्मटने हातातली फळी खाली ठेवली. तो हसला नाही. पण भिंत ओतून झाली होती.

पोलीस आले. त्यांचा कुत्रा उतारावर खाली बसला आणि ओढूनही तिथून हलेना. मी कौन्सिलमध्ये जुन्या साहेबांच्या हातापाया पडले, तेव्हा रस्त्यातून खाली भोकं पाडून बघितली. बाहेर आलेले काँक्रीटचे गोल तुकडे माझ्यासमोर मांडले. वरपासून खालपर्यंत भरीव, कुठे बोटभर फट नाही. चांगलं काम होतं. मीच करून घेतलं होतं.

आता आमची रांगही पडली आहे. डेस्मंड मुलीकडे गेला. जाताना त्याने माझी टिंगल केली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

मी रोज शाळा सुटायच्या वेळी येते आणि रस्त्याच्या मधल्या चौथऱ्यावर उभी राहते. दोन्हीकडच्या गाड्या सिग्नलला थांबल्या की थोडा वेळ शांत असतं. त्या शांततेत पायांखालून आईची हाक येते. लगेच, अगदी जवळून, एका लहान मुलीची ओ येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. ती एकटी नव्हती. तिला जे हवं होतं ते तिला सापडलं होतं. पण मग त्या दोघींची पावलं तिथेच इकडून तिकडे फिरत राहतात. दोन्ही तोंडं बंद आहेत.

काल मला राहवलं नाही. गाड्या थांबल्या, तशी मी खाली वाकले, तळहात गार दगडावर ठेवले आणि हाक घातली.

"कूऽई."

खाली सगळं थांबलं. मग माझ्या हातांच्या बरोबर खालून आईचा आवाज आला, दबलेला, पोरीला जवळ ओढून घेतल्यासारखा.

"उत्तर देऊ नकोस, बाळा. आपण त्यांना ओळखत नाही."