चिखलातला श्वास

हे मी बनवून सांगत नाहीये. बनवायचं असतं, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

जपानमधलं आमचं क्योतो. काही वर्षांपूर्वीची ऑगस्टची सोळा तारीख. आमच्याकडे वर्षातून एकदा मृत माणसं आपापल्या घरी येतात; त्या संध्याकाळी डोंगरांवर आगी पेटवून त्यांना निरोप देतात. पण हे घडलं भर दुपारी. बाहेर आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याचं ऊन भाजून काढत होतं आणि झाडांवरचे किडे कानठळ्या बसतील इतके ओरडत होते.

मी हिसानो कुवाबारा. तरुणपणी मी इथल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म, कापून जोडायचे. पांढरे हातमोजे घालून, दिवसभर.

माझे यजमान मासुझो त्याच स्टुडिओत मरायचे.

म्हणजे, सामुराईंच्या सिनेमांत तलवार खाऊन पडायचे. तेच त्यांचं काम. घरी आले की म्हणायचे, "आज झकास मेलो, हिसानो."

"मग भात वाढू, की उदबत्ती लावू?"

"दोन्ही. आधी भात."

दिग्दर्शक म्हणायचे, मासुझो मेला की माशीसुद्धा फसते. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! मेलेल्या माणसाचा श्वास पडद्यावर दिसला, तर त्याने पुन्हा स्टुडिओच्या फाटकात पाऊल टाकू नये, असं ह्यांचं म्हणणं.

पुढे एका थंडीत न्यूमोनियाने ते खरंच गेले. लहानपणी लाकडी तलवार लागून त्यांचं नाक मोडलं होतं. त्यामुळे श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. शेवटच्या रात्री ती शीळ ऐकत मी उशाशी बसले होते.

मग थांबली.

मागे दोन-तीन फोटो राहिले. आणि सिनेमे. पण सिनेमांत एक तर त्यांची पाठ दिसायची, नाही तर प्रेत. इतक्या सिनेमांत काम करून जिवंत असे ते कुठेच नव्हते.

त्यातलाच एक जुना, गाजलेला सिनेमा साफसूफ करून घरी बघायच्या डिस्कवर आणायचं चाललं होतं. एका छोट्या कंपनीत. मला बोलावलं, आणि आवाज भरणाऱ्या कुसाकाबेला. त्या सिनेमावर काम केलेले आम्ही दोघंच उरलो होतो.

"अजून आहेस का गं?" त्याने दारातच विचारलं.

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ?"

काम करणारी मुलगी मिनेगिशी. तिशीतली, हळू बोलणारी. जुन्या फिल्मवर ओरखड्यांच्या उभ्या रेघा दिसतात ना, त्याला आम्ही पाऊस म्हणतो. महिनोन्महिने कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन तिने तो पाऊस पुसला होता.

तिने खोलीत अंधार केला आणि शेवटची लढाई लावली.

रेघांचा पाऊस नव्हता. पहिल्यांदाच.

चिखलात मासुझो पडले होते. चेहरा आमच्याकडे. भुवईवरचा तीळसुद्धा दिसत होता.

"आजी, माफ करा," मिनेगिशी म्हणाली. "छातीकडे बघा."

मी बघितलं...

छाती वर आली. खाली गेली.

"मासुझो? शक्यच नाही," कुसाकाबे म्हणाला. "तो असा कच्चा मेला नसता."

"पावसामुळे इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, आजोबा. आता दिसणार. लोक घरी चित्र थांबवून थांबवून बघतात. चुका काढतात, हसतात." ती माझ्याकडे वळली. "कंपनी म्हणते, दुरुस्त कर. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. राहू दे म्हणालात, तर राहील."

छाती पुन्हा वर आली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय असतो पण कळत नाही, तसं झालं होतं. इतक्या वर्षांनी मला माझा नवरा जिवंत दिसत होता, आणि मी विचार काय करत होते? की ह्यांना किती लाज वाटेल. लोक हसतील. मासुझो कुवाबाराला मरता येत नव्हतं म्हणतील.

"थांबव त्यांना," मी म्हणाले.

"नक्की, आजी?"

"त्यांनीही हेच सांगितलं असतं."

काम फार नव्हतं. एका चित्रातली स्थिर छाती तिने उचलली आणि पुढच्या सगळ्या चित्रांवर बसवली. मग लढाई पुन्हा लावली.

मासुझो पडले. निपचित.

"हां! हा आमचा मासुझो," कुसाकाबे म्हणाला.

आणि मग... खोलीतला गारव्याच्या यंत्राचा आवाज ऐकू येईनासा झाला. बाहेरचे किडेही गप्प.

"पोरी, आवाज बंद कर. कुणाचा तरी श्वास येतोय."

"आजोबा... आवाज लावलेलाच नाही."

"मग कुठून येतोय? लढाई तर आम्ही मुकीच घेतली होती. आवाज सगळे नंतर भरले. पावसाच्या आवाजासाठी मी चाळणीत वाटाणे घोळवले होते. श्वासबिस कुणाचा घेतला नव्हता!"

मी कान देऊन ऐकलं.

त्या श्वासात शीळ होती.

पडद्यावर छाती हलत नव्हती. आणि खोलीत ती शीळ आखूड होत चालली. घाईची. पाण्याखाली कुणी डोकं दाबून धरावं, तशी.

"काढ ते," मी म्हणाले. "मिनेगिशी, परत कर. आधीसारखं कर!"

ती एकामागून एक बटणं दाबत होती.

एक लांब शीळ...

मग काहीच नाही.

गारव्याचं यंत्र पुन्हा घुमू लागलं.

"केलं, आजी. जुनं परत आणलं."

आम्ही बघत राहिलो. छाती हलली नाही.

"हे जुनं नाही," कुसाकाबे म्हणाला.

"जुनंच आहे, आजोबा. याच्यावर मी काहीच केलेलं नाही. शपथ."

मूळ निगेटिव्हचा डबा तिथेच, गार कपाटात होता. त्याला कुठलाही कॉम्प्युटर हात लावू शकत नाही. मी हातमोजे मागितले. उजेडाच्या टेबलावर फिल्म पसरली आणि भिंग लावून चित्रामागून चित्र बघत गेले. शेजारी मिनेगिशी बघत होती. याच पट्टीवरून तिने तो श्वास उतरवून घेतला होता.

पहिल्या चित्रात छाती जिथे होती, शेवटच्या चित्रातही तिथेच होती.

मिनेगिशीने भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कुसाकाबेने टोपी काढली. मग त्याने हात जोडले. ह्यांच्या अंत्यविधीला जोडले होते, तसेच.

मी हातमोजे काढले, घडी केली, टेबलावर ठेवले. बसने घरी आले. गारढोण झालेला भात होता, तो खाल्ला. डोंगरावर आगी पेटल्या तेव्हा शेजारीण हाक मारत होती. मी गेले नाही.

डिस्क निघाली. खूप खपली म्हणे. एकाने मासिकात लिहिलं, चिखलातलं ते प्रेत बघा, असं मरण हल्लीच्या नटांना जमत नाही. मिनेगिशीने कात्रण पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. तिने ते काम सोडल्याचं मला नंतर कळलं.

मी अजून रडलेले नाही.

परवा देवळातून तरुण पुजाऱ्याचा फोन आला. "आजी, आजोबांच्या पुण्यतिथीचे मंत्र म्हणायला नेहमीसारखा जानेवारीत येऊ ना?"

"नको," मी म्हणाले. "ह्या वर्षीपासून उन्हाळ्यात या. ऑगस्टच्या सोळा तारखेला."

"उन्हाळ्यात? पण आजोबा तर थंडीत गेले ना?"

तो पलीकडे वाट बघत होता... आणि त्याचा श्वास फोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होता.

मी फोन कानापासून लांब धरला.